ऑक्सिडेज चाचणी

रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेले जीवाणू ओळखण्यासाठी वैद्यकीय प्रयोगशाळेत सुरुवातीलाच केल्या जाणाऱ्या जलद जैवरासायनिक चाचण्यांपैकी ही एक असून, जीवाणूच्या श्वसनसाखळीत सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे एंझाइम आहे की नाही, एवढेच तिच्यातून कळते. गॉर्डन व मॅक्लिऑड यांनी १९२८ मध्ये गोनोकोकससाठी वापरलेल्या या विक्रियेला कोव्हॅक्स यांनी १९५६ मध्ये गाळणकागदावरील सुटसुटीत रूप दिले. टेट्रामिथिल-पॅरा-फेनिलीनडायअमाइन या विक्रियाकाच्या १% ताज्या विद्रावात भिजवलेल्या कागदावर वसाहतीचा अंश घासला असता, एंझाइम असल्यास विक्रियाकाचे ऑक्सिडीभवन होऊन सुमारे १० सेकंदांत गडद जांभळा रंग उमटतो. उशिरा आलेला रंग धरत नाहीत, कारण विक्रियाक हवेनेही हळूहळू रंगतो. स्यूडोमोनास एरुजिनोझा व पटकीचा व्हिब्रिओ होकारार्थी, तर ई. कोलाय, क्लेब्सिएला व साल्मोनेला नकारार्थी ठरत असल्याने ग्रॅम-ऋण दंडाणूंची पुढील तपासणी कोणत्या दिशेने न्यायची हे मिनिटाच्या आत ठरते, आणि इतक्या स्वस्त चाचणीकडून याहून अधिक अपेक्षा करणे योग्यही नव्हे. नायक्रोमच्या तारेतील लोह फसवा होकार देते, म्हणून प्लॅटिनमची तार किंवा लाकडी काडी वापरतात. मॅकॉन्की माध्यमावरील वसाहतीही, लॅक्टोजपासून बनलेल्या आम्लामुळे, या चाचणीस भरवशाच्या नसतात.