रेवाडीचे रेझांग ला स्मारक

हरियाणातील रेवाडी शहरात रेझांग ला येथील हुतात्म्यांचे स्मारक उभे आहे. ज्या लढाईची स्मृती ते जपते, ती मात्र येथून शेकडो किलोमीटर दूर, लडाखमधील चुशूलजवळच्या खिंडीत १८ नोव्हेंबर १९६२ रोजी पहाटे झाली. कुमाऊँ रेजिमेंटच्या १३व्या बटालियनची चार्ली कंपनी तेथे तैनात होती. कंपनीतील बहुतेक जवान रेवाडी, गुडगाव व महेंद्रगड परिसरातील अहीर समाजाचे होते. हा भाग त्या वेळी पंजाब राज्यात होता.

मैदानी प्रदेशातील या जवानांना पाच हजार मीटरहून अधिक उंचीवरील थंडीची सवय नव्हती. मध्ये डोंगर आडवा असल्यामुळे भारतीय तोफखान्याचे साहाय्यही त्यांना मिळू शकले नाही. मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १२० जणांनी दारूगोळा संपेपर्यंत चिनी सैन्याशी झुंज दिली. ११४ जणांना वीरमरण आले.

यानंतरचा भाग अधिक क्लेशकारक आहे. बचावलेल्या मोजक्या जवानांनी परत येऊन सांगितलेल्या हकीकतीवर प्रारंभी अनेकांचा विश्वास बसला नाही. संपूर्ण कंपनी जागेवरच लढत मरते, हे त्या पराभवाच्या दिवसांत कोणास खरे वाटणार? फेब्रुवारी १९६३ मध्ये एका मेंढपाळाने वार्ता दिल्यावर शोधपथक तेथे पोहोचले, तेव्हा बर्फात गोठलेले मृतदेह खंदकांतच होते. कित्येकांच्या हाती शस्त्रे तशीच होती. वैद्यकीय सहायक धर्मपालसिंह दहिया यांच्या हातात इंजेक्शनची सिरिंज होती. जवानांवर चुशूल येथे लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार झाले, तर मेजर शैतानसिंग यांचे पार्थिव जोधपूरला नेण्यात आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र आणि कंपनीतील आठ जणांना वीरचक्र देण्यात आले.

चुशूलचे स्मारक लष्कराचे आहे. तेथवर जाणे हुतात्म्यांच्या वृद्ध मातापित्यांना व पत्नींना क्वचितच शक्य होते. त्यामुळे रेवाडीच्या स्मारकाचे महत्त्व वेगळे ठरते. दरवर्षी १८ नोव्हेंबरला येथे रेझांगला शौर्य समितीच्या वतीने श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो आणि हुतात्म्यांचे कुटुंबीय त्यास उपस्थित राहतात. ज्यांच्या शब्दावर एकेकाळी शंका घेतली गेली, त्या लढाईतून परतलेल्या जवानांनाही येथे मान मिळाला.

चुशूलच्या स्मारकाचे नूतनीकरण होऊन १८ नोव्हेंबर २०२१ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. १३ कुमाऊँचे त्या वेळचे अधिकारी, निवृत्त ब्रिगेडियर आर. व्ही. जटार या प्रसंगी उपस्थित होते. त्यांची चाकांची खुर्ची संरक्षणमंत्र्यांनी स्वतः ढकलत नेली. मेजर शैतानसिंग यांचा देह जेथे सापडला, तेथील जुने स्मृतिस्थळ मात्र भारत-चीन सीमेवर नव्याने ठरलेल्या मध्यवर्ती निर्लष्करी पट्ट्यात आल्यामुळे हटवावे लागले, असे चुशूलच्या स्थानिक लोकप्रतिनिधींनी २०२३ मध्ये सांगितले.