शरदातील क्रॅपी आणि प्रतिध्वनीचे यंत्र

क्रॅपी हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील गोड्या पाण्याचा मासा असून त्याच्या पांढरा आणि काळा अशा दोन जाती आहेत. साधारणतः वीतभर किंवा त्याहून थोडा मोठा वाढणारा हा मासा थव्याने राहतो, आणि त्याचे पांढरे, मऊ मांस चविष्ट असल्यामुळे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत तो मुख्यतः खाण्यासाठीच धरला जातो. पूर्वी तेथे तो वसंतातला मासा समजला जाई. पाणी १६ ते २० अंश सेल्सियसपर्यंत तापले की तो अंडी घालण्यासाठी काठालगतच्या उथळ पाण्यात येई, आणि बांबूची लांब काठी, दोरा, बुचाचा तुकडा व गळाला टोचलेला जिवंत छोटा मासा एवढ्या सामग्रीवर कोणालाही तो धरता येई. विणीचा हंगाम सरला की तो खोल पाण्यात जाई आणि काठावर बसणाऱ्याच्या दृष्टीने जणू नाहीसाच होई. शरदात क्रॅपी धरण्याची पद्धत आज जुनी परंपरा वाटत असली, तरी तिचा प्रसार प्रामुख्याने धरणांनी आणि ध्वनीच्या यंत्राने घडवला आहे.

धरणांचा भाग आधीचा. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली अथॉरिटीने टेनेसी नदी व तिच्या उपनद्यांवर धरणांची मालिका उभी केली. त्यांपैकी केंटकी धरण १९४४ मध्ये पूर्ण झाले आणि त्यामागे सुमारे ६५ हजार हेक्टरांचा जलाशय पसरला. मिसिसिपी राज्यात लष्कराच्या अभियंता दलाने पूरनियंत्रणासाठी सार्डिस (१९४०), ईनिड (१९५२) आणि ग्रेनेडा (१९५४) ही धरणे बांधली. यांपैकी कोणताही प्रकल्प मासेमारीसाठी आखलेला नव्हता; तरीही नव्याने बुडालेली शेते, ओढ्यांची पात्रे आणि झाडांचे बुंधे क्रॅपीला असे मानवले की पांढऱ्या क्रॅपीचा आजतागायतचा जागतिक विक्रम, सुमारे २.३५ किलोग्रॅमचा, १९५७ मध्ये ईनिड धरणापाशीच नोंदवला गेला.

शरदात अशा जलाशयात जे घडते ते काठावरून दिसत नाही. उन्हाळ्यात वरचे गरम, हलके पाणी आणि खालचे थंड, जड पाणी एकमेकांत मिसळत नाही. खालच्या थरातला प्राणवायू संपत जातो, त्यामुळे मासे वरच्या थरातच कोंडलेले राहतात. रात्री गार होऊ लागल्या की वरचे पाणी थंड होऊन खाली उतरते, थर मोडतात आणि मासा कोणत्याही खोलीवर वावरू शकतो. त्याच सुमारास शॅड नावाच्या छोट्या चंदेरी माशांचे थवे ओढ्यांच्या मुखांकडे सरकतात व क्रॅपी त्यांच्या मागोमाग जातो. शिवाय पूर सामावण्यासाठी जलाशयाची पातळीही याच काळात उतरवलेली असते, केंटकी जलाशयात सुमारे दीड मीटरने. थोडक्यात, सप्टेंबरात सापडलेला थवा नोव्हेंबरात त्याच जागी मिळेलच असे नाही, आणि या अनिश्चिततेवर जुन्या सामग्रीकडे उपाय नव्हता.

प्रतिध्वनीवरून खोली मोजण्याचे तंत्र पाणबुड्यांच्या शोधाबरोबर पहिल्या महायुद्धाच्या काळात पुढे आले. १९३५ मध्ये नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी लोफोटेन बेटांजवळच्या कॉड माशांच्या थव्याचा प्रतिध्वनी-आलेख प्रसिद्ध केला, आणि १९४८ मध्ये जपानमधील फुरुनो बंधूंनी मासे शोधणारे यंत्र व्यापारी स्वरूपात आणले. ही यंत्रे समुद्रातल्या बोटींसाठी होती. लहान होडीत मावेल असे यंत्र १९५७ च्या सुमारास मिसूरी राज्यातील कार्ल लॉरन्स आणि त्यांच्या मुलांनी तयार केले. पाण्याखाली बुडी मारून माशांचे वागणे पाहण्याचा त्यांना छंद होता, आणि मासे पाण्यात सर्वत्र विखुरलेले नसतात हे त्यांनी तेथेच पाहिले होते.

१९५९ पासून विकला जाणारा त्यांचा हिरवा डबा बांधणीने साधा होता. पाण्यात सोडलेला ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेच्या स्पंदनाचे ध्वनीत आणि परतलेल्या ध्वनीचे पुन्हा विजेत रूपांतर करणारा भाग, खाली ध्वनी सोडी. डब्यातील गोल तबकडीवर निऑनचा छोटा दिवा फिरत राही आणि प्रतिध्वनी परतताच क्षणभर लुकलुके. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असल्यामुळे सहा मीटरवरचा तळ सेकंदाच्या आठ हजारांशात ‘उत्तर’ देई. शून्यावरची रेघ म्हणजे पृष्ठभाग, खालची जाड रेघ म्हणजे तळ आणि मधली बारीक लुकलुक म्हणजे मासा. कारण माशाच्या पोटातील हवेने भरलेले वाताशय ध्वनी जोराने परतवते. आकृती नाही, चित्र नाही; तरी खोली कळली, आणि शरदात निम्मे काम त्यानेच होते.

उरलेले काम जिगचे. जिग म्हणजे गळाच्या मानेवर ओतलेली शिशाची गोळी आणि तिच्यामागे बांधलेली पिसे किंवा रबरी शेपूट. क्रॅपीसाठी तिचे वजन बहुधा एक ते दोन ग्रॅम ठेवतात. क्रॅपी आपले भक्ष्य वर पाहून घेतो, म्हणून जिग थव्याच्या किंचित वर टांगून हलकेच थरथरवावी लागते. फूटभर खाली गेली तर ती वायाच. मासा जिग तोंडात घेऊन वर उठला तर दोरा ताणला न जाता सैल पडतो, आणि नवखा माणूस हमखास येथेच फसतो. जोराचा हिसका दिल्यास तोंडाची पातळ त्वचा फाटते.

यंत्राने खोली सांगितली तशी पुढे जागाही उघड केली. केंटकी जलाशयाच्या परिसरात लाकडी खुंट ठोकून किंवा झाडोरा बुडवून माशांसाठी आसरे करण्याची रीत आहे. त्यांच्या जागा काठावरच्या खुणा जुळवून लक्षात ठेवल्या जात, आणि त्या घरातच राहत. कागदावर आलेख काढणारी यंत्रे, १ मे २००० रोजी नागरी जीपीएसवरील मुद्दाम ठेवलेली अचूकतेची मर्यादा उठणे, आणि त्यानंतर काही वर्षांत आलेले होडीच्या दोन्ही बाजूंचा तळ दाखवणारे सोनार, म्हणजे प्रतिध्वनीचे यंत्र, यांनी ही गुप्तता संपवली. कित्येक राज्यांची मत्स्यखाती तर आपण बुडवलेल्या आसऱ्यांचे अक्षांश-रेखांश स्वतःच जाहीर करतात.

२०१८ मध्ये गार्मिन कंपनीने आणलेल्या लाइव्हस्कोपने मात्र प्रश्नच बदलला. हे सोनार होडीच्या पुढचे पाणी प्रत्यक्ष वेळेत दाखवते, त्यामुळे एकेक मोठा मासा हेरून त्याच्या डोक्यावर जिग नेता येते आणि तो वळला, उठला की मागे फिरला हे पडद्यावर पाहता येते. पूर्वीच्या यंत्रांनी मासेमाऱ्याला थव्यापर्यंत पोहोचवले होते. हे यंत्र माशाची निवड करू देते, आणि हा फरक केवळ सोयीचा नाही. खोलवरून ओढून काढलेला क्रॅपी वाताशय फुगल्यामुळे सोडून दिला तरी पुष्कळदा जगत नाही, म्हणून निवडीच्या नादात परत सोडलेले लहान मासेही हिशेबात धरावे लागतात. रोज किती मासे न्यावेत याची सरकारी मर्यादा बहुतेकांच्या हाती तेवढे मासे लागणार नाहीत, या गृहीतावरच बव्हंशी चालत आली आहे, आणि अशा सोनारावरून सध्या चाललेला वाद यंत्राइतकाच त्या गृहीताचा आहे.