निकालपत्रकाबाहेरची शर्यत

मोटार शर्यतींचा इतिहास बहुतेक आकड्यांत लिहिलेला आहे. १८९५च्या जूनमध्ये पॅरिसहून बोर्दोला जाऊन पुन्हा पॅरिसला येण्याची शर्यत झाली. तिच्या नोंदीत एमिल लव्हासोर या फ्रेंच माणसाच्या नावापुढे ४८ तास ४८ मिनिटे असा आकडा आहे. अंतर सुमारे ११७८ किलोमीटर. वाटेत रुफेक गावी त्याची जागा घेणारा चालक तयार असायचा होता. पण लव्हासोर ठरल्या वेळेच्या बराच आधी तिथे पोचला, तो माणूस अजून झोपलेला, म्हणून हाच पुढे निघाला. दोन रात्री जवळजवळ सगळे अंतर त्याने स्वतः गाडी हाकली. सर्वांच्या कितीतरी आधी परतला, तरी पहिले बक्षीस त्याला मिळाले नाही, कारण त्याची गाडी दोनच आसनांची होती आणि ते बक्षीस अधिक आसनांच्या गाडीसाठी ठेवलेले होते.

एवढे निकालपत्रकात मिळते. दुसऱ्या रात्री, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात, त्या माणसाच्या मनात काय चालले होते, हे मात्र कुठेच मिळत नाही. वाचकहो, आजचा माझा विषय या रिकाम्या जागेचा आहे आणि तिथे जाऊन बसणाऱ्या एका माणसाचा आहे. तो माणूस म्हणजे मोटार शर्यतींचा असा चाहता, जो शर्यत पाहून थांबत नाही, तर आपल्या आवडत्या चालकांवर कथा लिहितो. या लेखनाला फॅन फिक्शन म्हणतात. साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत हा विषय कशासाठी, असे काहींना वाटेल. पण तुमच्या-माझ्या घरांत असे लिहिणारी मुले-मुली आहेत, मुली विशेष, आणि आपण त्यांना विचारत नाही म्हणून त्या सांगत नाहीत.

आधी या चाहतीचा आठवडा पाहा. शर्यतीच्या आठवड्यात गुरुवारी चालक पत्रकारांना भेटतात, शुक्रवारी सराव, शनिवारी पात्रता फेरी, रविवारी शर्यत. फॉर्म्युला वनमध्ये २०२४ साली अशा २४ शर्यती झाल्या. मोनॅकोची शर्यत आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होते, जपानची सकाळी साडेदहाला, ब्राझीलची रात्री साडेदहाला, आणि टेक्ससची मध्यरात्र उलटून गेल्यावर. चाहतीची झोप, जेवण, अभ्यास, घरचे लग्नकार्य, सारे या वेळापत्रकाला वळसा घालून चालते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या आमच्यासारख्या जैन घरांत एक सोय आहे: मोनॅकोचे दिवे विझून गाड्या सुटण्याआधी ताटे उचललेली असतात.

शर्यत संपली की प्रेक्षकाचे काम संपते. लिहिणाऱ्या चाहतीचे तिथून सुरू होते. चालक आणि त्याचा इंजिनिअर यांच्यातले रेडिओवरचे बोलणे ती पुन्हापुन्हा ऐकते. कोणत्या फेरीला टायर बदलले, ते मऊ होते की टणक, पाऊस कधी आला, कोण कुणाला वाट देताना रेंगाळला, हे टिपून ठेवते. यात चूक चालत नाही. तिचे वाचकही तेवढेच जाणकार. टायरचा रंग चुकला तर लगेच कान पकडतात. ही सगळी खरी हाडे जुळवल्यावर मांस ती कल्पनेने भरते: हॉटेलच्या खोलीत परतल्यावरचे दोन तास, घरी केलेला फोन, हरलेल्या सहकाऱ्याशी जिन्यात झालेली गाठ. मग दुसऱ्या एखाद्या चाहत्याकडून मजकूर तपासून घेते आणि प्रकरणाप्रकरणाने तो बाहेर पडतो. मोबदला शून्य. कथेच्या माथ्यावर बहुधा एक ओळ असते, की हे सर्व काल्पनिक आहे, यातले काही घडलेले नाही. त्या ओळीकडे आपल्याला परत यायचे आहे.

हा उद्योग आजचा आहे असे समजू नका. १८२६ साली इंग्लंडातल्या हॉवर्थ गावच्या धर्मगुरूने आपल्या मुलासाठी लाकडी शिपाई आणले. ब्रॉन्टे भावंडांनी ते वाटून घेतले. थोरल्या शार्लटने आपल्या शिपायाला ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाव दिले. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली. तेव्हा तो जिवंत होता आणि वर्तमानपत्रांत रोज गाजत होता. एमिली आणि ॲन यांच्या शिपायांना पुढे पॅरी आणि रॉस या ध्रुवप्रदेशात गेलेल्या खऱ्या दर्यावर्द्यांची नावे मिळाली. मुलांनी त्यांच्यासाठी राज्ये वसवली, इवल्याशा वह्यांत बारीक अक्षरात त्यांचे पराक्रम लिहिले. मृत्यूच्या तोंडाशी जाऊन येणाऱ्या दूरच्या माणसांविषयीचे ते कुतूहल आणि आजच्या चाहतीचे कुतूहल एकाच जातीचे आहे. त्या वह्यांतूनच इंग्रजीला दोन मोठ्या कादंबरीकार मिळाल्या.

मोटार शर्यतींपुरते बोलायचे तर जाँ ग्रातों या माणसाचे नाव घ्यावे लागेल. जन्म १९२३, गाव फ्रान्समधले नांत. लहानपणापासून शर्यतींचे वेड, पुढे ब्रसेल्सला जाऊन चित्रकथाकार झाला. १९५७ साली टिनटिन साप्ताहिकात त्याने मिशेल व्हायाँ नावाचा चालक जन्माला घातला. व्हायाँ काल्पनिक, त्याच्या घराण्याचा मोटार कारखाना काल्पनिक, अमेरिकन दोस्त स्टीव्ह वॉर्सन काल्पनिक. पण ते ज्यांच्याशी स्पर्धा करत ते चालक खरे, ज्या रस्त्यांवर धावत ते रस्ते खरे. ग्रातों शर्यतींना जाई, चालकांशी मैत्री करी आणि घरी येऊन त्यांना आपल्या गोष्टीत बसवी. छापून येणाऱ्या व्यावसायिक चित्रकथेला कुणी फॅन फिक्शन म्हटले नाही. पण रीत तीच. पिढ्यानपिढ्या फ्रेंच मुलांनी शर्यती आधी या पुस्तकांत पाहिल्या, नंतर मैदानावर. २०१७ साली तर जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धेत त्या काल्पनिक कारखान्याचे नाव लावलेला खरा संघ उतरला आणि एलएमपी२ गटाचे विजेतेपद घेऊन गेला. कागदावरची मोटार साठ वर्षांनी डांबरावर धावली.

फॅन फिक्शन हा शब्द ज्या अर्थाने आज वापरतात, तो अमेरिकेत स्टार ट्रेक या दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांमुळे रुळला. १९६७ साली त्यांनी स्पॉकनेलिया नावाचे हस्तमुद्रित नियतकालिक काढले. लिहिणाऱ्या-संपादणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. फॉर्म्युला वनकडे ही लाट फार उशिरा, पण जोराने आली. २०१७च्या आरंभी या खेळाची मालकी अमेरिकन कंपनीकडे गेली आणि २०१९मध्ये पडद्यामागचे जीवन दाखवणारी ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह ही मालिका सुरू झाली. हेल्मेटमागचे चेहरे दिसू लागले. चेहरा दिसला की गोष्ट सुचते.

हे चाहते लिहितात तरी काय? तीन विषय सांगतो, म्हणजे अंदाज येईल.

१ मे १९९४ रोजी इटलीत इमोला इथे आयर्टन सेना अपघातात गेला. आदल्या दिवशी तिथेच रोलंड रात्झेनबर्गर हा ऑस्ट्रियाचा नवखा चालक गेला होता. सेनाच्या मोडलेल्या गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला. जिंकल्यावर त्या नवख्या मुलासाठी तो फडकवायचा सेनाचा बेत होता. तो झेंडा फडकलाच नाही. ज्याला लिहिता येते त्याने तो फडकवू नये, असे कोण म्हणेल?

दुसरा विषय लुइस हॅमिल्टन आणि निको रोझबर्ग. पोरवयात कार्टिंगच्या एकाच संघातले दोस्त, प्रवासात एका खोलीत राहणारे. पुढे मर्सिडीज संघात पुन्हा एकत्र आले आणि बोलणे तुटण्यापर्यंत गोष्ट गेली. २०१६ साली रोझबर्ग जगज्जेता झाला आणि पाच दिवसांनी निवृत्त. दोन भावांत वाटणी झालेल्या घरांतल्या वाचकांना यात न कळण्यासारखे काही नाही.

तिसरा शार्ल लक्लेर. २०१७च्या जूनमध्ये त्याचे वडील मृत्युशय्येवर होते. मुलगा फॉर्म्युला वनमध्ये जावा हे त्यांचे स्वप्न. लक्लेरने त्यांना सांगितले, की करार झाला. करार झालेला नव्हता. वडील गेले, काही दिवसांत बाकूला तो खालच्या गटातली शर्यत जिंकला, आणि पुढच्या वर्षी खरोखरच फॉर्म्युला वनमध्ये आला. हे त्यानेच जाहीरपणे सांगितले आहे. माझ्या धंद्यात मरणासन्न माणसाच्या उशाशी बोलली गेलेली असली वाक्ये कानी पडतात. त्यांना खोटे म्हणायला जीभ वळत नाही. त्या पोराने वडिलांना एक गोष्ट सांगितली, एवढेच.

आता आक्षेप. पहिला असा, की हे पाश्चात्त्य खूळ आहे, आपल्या परंपरेत बसत नाही. मला हे मान्य नाही. विमलसूरींचे पउमचरिय घ्या. जैनांची ही सर्वांत जुनी उपलब्ध रामकथा, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली, आणि भाषा कोणती, तर महाराष्ट्री प्राकृत, मराठीच्या आजीची. तिची सुरुवातच एका श्रोत्याच्या शंकेने होते. राजा श्रेणिक गौतम गणधरांना विचारतो, की वानरांनी बलाढ्य राक्षसांना हरवले कसे, कुंभकर्ण सहा-सहा महिने झोपला कसा? उत्तरादाखल कथा नव्याने सांगितली जाते: वानर-राक्षस ही विद्याधरांची कुळे होतात आणि रावणाचा वध रामाच्या नव्हे, लक्ष्मणाच्या हातून होतो. आवडत्या कथेतली खटकणारी जागा हेरायची आणि तिथून ती पुन्हा लिहायची. आजची चाहती वेगळे काय करते?

आपल्या शेजारच्या कन्नडात याहून नेमका दाखला आहे. ९४१च्या सुमारास जैन कवी पंपाने विक्रमार्जुनविजय लिहिले. त्याचा आश्रयदाता आणि मित्र अरिकेसरी, आजच्या तेलंगणातल्या वेमुलवाड्याचा चालुक्य राजा. पंपाने अर्जुन आणि अरिकेसरी एकच करून टाकले. त्यासाठी द्रौपदी फक्त अर्जुनाची झाली आणि शेवटी राज्याभिषेकही धर्मराजाला न होता अर्जुनाला झाला. पुढे मुधोळच्या रन्नाने गदायुद्धात आपल्या सत्याश्रय राजाला भीम केले. जिवंत माणसाला आवडत्या कथेत बसवून ती वळवणे हे कन्नडच्या आदिकवीने केले आहे आणि ते आपण अभिजात म्हणून शिकवतो.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. अरिकेसरीला पंपाचे काव्य हवे होते. आजच्या चालकाला कुणी विचारलेले नाही. त्याची आई, बायको, मुले आहेत. त्याच्या दुःखात शिरण्याचा हक्क कुणी दिला? इथे मला दोन गोष्टींची तुलना करावीशी वाटते. १९७६ साली निकी लाउडा जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर जळाला, बेचाळीस दिवसांनी पुन्हा मोटारीत बसला, आणि हंगामाअखेर जेम्स हंटकडून एका गुणाने जगज्जेतेपद हरला. यावर २०१३ साली रश हा सुंदर चित्रपट निघाला. त्यात दोघे कट्टर वैरी दिसतात. प्रत्यक्षात ते मित्र होते. आज कितीतरी लोक ते वैर इतिहास म्हणून सांगतात. तसेच माक्स व्हर्स्टापेनने २०२१ साली जाहीर केले, की ड्राइव्ह टू सर्व्हाइव्हमध्ये नसलेली भांडणे रचून दाखवतात, म्हणून आपण त्यांना मुलाखत देणार नाही. नंतर तो परतला, पण त्याची तक्रार लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती तक्रार होती खऱ्याचे लेबल लावून विकलेल्या कल्पनेबद्दल.

आता चाहतीच्या कथेच्या माथ्यावरची ती ओळ आठवा: यातले काही घडलेले नाही. आमच्या स्याद्वादात प्रत्येक विधानाआधी ‘स्यात्’ लावण्याची शिस्त आहे. तिचा अर्थ याहून पुष्कळ खोल आहे, पण विधानाची मर्यादा विधानासोबतच सांगावी, एवढा धडा इथे लागू पडतो. ही शिस्त ती निनावी मुलगी पाळते आणि मोठ्या भांडवलाचा पडदा पाळत नाही. म्हणून तिला सांगायच्या मर्यादा थोड्याच उरतात: ती ओळ कधी गाळू नकोस, लिहिलेले त्या चालकाच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या हातात नेऊन देऊ नकोस, आणि ज्याने स्वतः जगापुढे ठेवले नाही ते त्याचे दुःख उकरू नकोस.

तुम्हाला-मला सांगायचे ते वेगळे. आपली घरे पिढ्यानपिढ्या महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपत आली, पण ही मुले कथा लिहितात त्या बहुतेक इंग्रजीत. विषय मराठीत नाही असे म्हणायला जागा नाही. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर वर्षानुवर्षे शर्यती झाल्या. २००५ साली नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय झाला. २०११ ते २०१३ ग्रेटर नोएडाला हा खेळ आला. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी विजेवरच्या मोटारी धावल्या. कोल्हापुरातून कार्टिंग करणारी पोरे परदेशी शर्यतींपर्यंत गेली. या सगळ्यांचे निकाल शिल्लक आहेत. त्या दिवशी कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या माणसाची गोष्ट कुणी लिहिलेली नाही. शोलावरम पाहिलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे, आणि लिहू शकणारी पिढी शेजारच्या खोलीत दार लावून बसली आहे. पुढच्या रविवारी त्या दारावर टकटक करा. काय लिहितेस ते दाखव, असे म्हणू नका. कोणती शर्यत बघतेस ते विचारा आणि शेवटच्या फेरीपर्यंत शेजारी बसा. तुम्ही स्वतः काही पाहिले असेल तर ते मराठीत सांगा. पुढचे तिचे ती लिहील.