धावपट्टीवरचं पाणी कुठे जातं? सिअ‍ॅटलच्या तिसऱ्या रनवेची गोष्ट

 ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. मी जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी सगळं बोललो तसंच आहे.

आई गेल्या वर्षी पहिल्यांदा माझ्याकडे सिअ‍ॅटलला आली. विमानतळाच्या पश्चिमेकडच्या रस्त्याने आम्ही जात होतो, तेव्हा तिला झाडांमागे एक अवाढव्य भिंत दिसली. म्हणाली, "एवढी मोठी भिंत कशाला रे?" म्हटलं, वर रनवे आहे. ती दोन मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली, "मग वर पडलेलं पाणी कुठे जातं?"

आम्ही मूळचे कुर्ल्याचे. २६ जुलै २००५ ला मी आठ वर्षांचा होतो. आमचं घर तळमजल्यावर, आणि त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात पाणी ओट्याला लागलं होतं. रात्र आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे काढली. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी पोचले. सांताक्रूझच्या वेधशाळेने त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. सिअ‍ॅटलच्या विमानतळावर अख्ख्या वर्षात साधारण हजार मिलिमीटर पडतो, म्हणजे आमच्याकडे यांचा वर्षभराचा पाऊस एका दिवसात पडला होता. त्यामुळे कुठलंही मोठं बांधकाम दिसलं की आईचा पहिला प्रश्न हाच असतो. मला उत्तर येत नव्हतं. मी कोड लिहिणारा माणूस, सिव्हिलवाला नाही. मग वाचत गेलो, आणि हा भाग त्यातूनच झाला.

रनवे हवा होता, पण जागा टेकडीवर होती

सिअ‍ॅटल आणि टकोमा या दोन शहरांच्या मध्ये असलेला हा विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधला गेला. चालवतं पोर्ट ऑफ सिअ‍ॅटल. इथे दोन समांतर रनवे होते, पण त्यांच्यातलं अंतर फक्त ८०० फूट. आकाश स्वच्छ असलं तर दोन्हींवर विमानं उतरवता येतात. ढग खाली आले की एकाच रनवेवर उतरवावी लागतात, आणि सिअ‍ॅटलमध्ये ढग खाली येणं ही काही बातमी नव्हे. म्हणून पश्चिमेला, पुरेसं अंतर ठेवून, तिसरा रनवे करायचं ठरलं. पोर्टच्या कमिशनने १९९६ मध्ये मंजुरी दिली.

अडचण अशी की विमानतळ टेकडीच्या माथ्यावर आहे आणि पश्चिमेला जमीन खाली उतरत जाते. ८,५०० फुटांचा रनवे सपाट हवा, म्हणजे उतारावर भराव टाकायचा. तोही एक कोटी घनयार्डांहून जास्त माती, बाहेरून आणलेली. ती घसरू नये म्हणून सव्वाशे फुटांहून उंच भिंत. आईने पाहिली ती हीच.

त्या उताराच्या पायथ्याशी मिलर क्रीक, वॉकर क्रीक आणि डि मॉइन हे छोटे ओढे आहेत. 'क्रीक' म्हटलं की आपल्याला माहीमची खाडी आठवते, पण इथे क्रीक म्हणजे ओढा. हे ओढे काही मैल वाहून प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्याला मिळतात, आणि पावसाळी शरदात कोहो जातीचे सॅमन मासे अंडी घालायला समुद्रातून त्यांच्यात वर चढतात. भरावाखाली सुमारे १८ एकर पाणथळ जमीन जाणार होती. मिलर क्रीकचा जवळपास हजार फुटांचा तुकडा उचलून दुसरीकडे वळवावा लागणार होता.

पाऊस तोच असतो, पाणी बदलतं

हे मला आधी नीट कळलं नव्हतं. जंगलात पाऊस पडला की बरंचसं पाणी मुरतं आणि आठवडे, महिने झिरपत ओढ्याला मिळतं. तीच जागा डांबर-काँक्रीटने झाकली की दोन गोष्टी होतात. पावसात सगळं पाणी एकदम धावत येतं आणि ओढ्याचे काठ खरवडतं. आणि उन्हाळ्यात, जेव्हा झिरपणारं पाणीच ओढ्याला जिवंत ठेवतं, तेव्हा ओढा सुकतो.

तिसरी गोष्ट, ते पाणी सोबत काय आणतं. छपरांवरचं जस्त, गाड्यांच्या ब्रेकमधलं तांबं, इंधनाचे थेंब. थंडीत विमानांवरचा बर्फ काढायला ग्लायकॉल मारतात. ते पाण्यात गेलं की सूक्ष्मजीव ते खाता खाता पाण्यातला प्राणवायू संपवतात. तांब्याचं तर असं आहे की लिटरमागे काही मायक्रोग्रॅम विरघळलेलं तांबंही सॅमनचं हुंगणं बिघडवायला पुरतं. आणि सॅमन आपला ओढा वासावरून ओळखतो.

कायद्याचं कलम ४०१

१९७२ मध्ये अमेरिकेत क्लीन वॉटर अ‍ॅक्ट आला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर व्हेटो वापरला होता, तो मोडून काढून संसदेने कायदा केला. (आपला जल प्रदूषण कायदा १९७४ चा, म्हणजे फक्त दोन वर्षांनी धाकटा.) त्यातलं कलम ४०१ सांगतं की पाणथळ जागेत भराव टाकण्यासारख्या कामाला केंद्राची परवानगी हवी असेल, तर आधी राज्याचं प्रमाणपत्र आणा. राज्याने ते द्यायचं कधी? तर पाण्याचे निकष पाळले जातील अशी 'वाजवी खात्री' पटली तरच.

'वाजवी खात्री' या दोन शब्दांवर पुढची सगळी लढाई झाली.

त्याआधी १९९४ मध्ये याच वॉशिंग्टन राज्यातलं एक प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. डोसवॉलिप्स नदीवर वीजप्रकल्प करायचा होता. राज्य म्हणालं, माशांसाठी नदीत अमुक इतकं पाणी राहिलंच पाहिजे. प्रकल्पवाले म्हणाले, कायदा पाण्याच्या गुणवत्तेचा आहे, पाणी किती याच्याशी तुमचा संबंध काय? न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी हा फरक कृत्रिम ठरवला. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी निकाल लिहिला. नदीत पाणीच नसेल तर गुणवत्ता कशाची मोजणार, हे आपल्याकडे कुठलाही शेतकरी सांगेल. पण ते कायद्यात लिहून आल्यामुळे रनवेच्या वेळी उन्हाळ्यातल्या ओढ्याबद्दल विचारायची सोय झाली.

हरलेले की जिंकलेले?

रनवेच्या आसपासच्या ब्युरिअन, डि मॉइन, नॉर्मंडी पार्क, टकविला आणि फेडरल वे या शहरांनी आणि तिथल्या एका शाळा-जिल्ह्याने एकत्र येऊन आघाडी केली. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांचा मुख्य राग विमानांच्या आवाजाचा आणि उठवल्या जाणाऱ्या वस्तीचा होता. पण कायद्याने त्यांच्या हातात सगळ्यात पक्की दोरी दिली ती पाण्याची.

राज्याच्या पर्यावरण खात्याने २००१ मध्ये प्रमाणपत्र दिलं. आघाडी अपिलात गेली पोल्युशन कंट्रोल हिअरिंग्ज बोर्डाकडे. हे बोर्ड कोर्टासारखंच, पण फक्त पर्यावरणाच्या तंट्यांसाठी. ते नुसती फाइल तपासत नाही, पुरावा नव्याने ऐकतं. बाहेरून येणाऱ्या मातीत विषारी काही नाही हे कसं तपासणार? उन्हाळ्यात ओढ्यात सोडायचं पाणी नेमकं कुठून आणणार? साठवण तळी पुरतील हे कुठल्या गणितावरून म्हणता?

आमच्या भाषेत सांगायचं तर डेव्हलपर म्हणत होता "प्रॉडक्शनला गेल्यावर बघू", आणि बोर्ड म्हणत होतं "टेस्ट दाखव".

ऑगस्ट २००२ मध्ये बोर्डाने प्रमाणपत्र रद्द केलं नाही, पण आहे तसं पुरेसं नाही म्हणून डझनभराहून जास्त नव्या अटी जोडल्या. दोन्ही बाजू नाराज होऊन राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेल्या. मे २००४ मध्ये निकाल लागला. काही अटी टिकल्या, काही गेल्या, प्रमाणपत्र कायम राहिलं. २० नोव्हेंबर २००८ ला रनवे सुरू झाला. खर्च एक अब्ज डॉलरहून जास्त.

म्हणजे लोक हरले. आघाडीचे लाखो डॉलर वकिलांवर गेले आणि विमानं आज त्यांच्या डोक्यावरून जातात. मीही त्यातल्याच एका विमानाने घरी येतो.

पण आईच्या प्रश्नाला आज उत्तर आहे. रनवेवरचं पाणी साठवण तळ्यांत आणि जमिनीखालच्या टाक्यांत थांबतं, मग हळू सोडलं जातं. उन्हाळ्यात ओढ्याला पाणी द्यायची वेगळी तजवीज करावी लागली. विमानं उभी राहतात तिथलं ग्लायकॉलचं, इंधनाचं पाणी वेगळ्या गटारव्यवस्थेतून प्रक्रियेला जातं. गेलेल्या पाणथळ जमिनीच्या बदल्यात ऑबर्न या गावाजवळ नवी तयार करावी लागली, अर्थात मिलर क्रीकच्या बेडकाला त्याचा काही उपयोग नाही.

खात्रीची एक्स्पायरी डेट

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. या भागातल्या शहरी ओढ्यांत कोहो सॅमन पहिल्या पावसानंतर अंडी घालण्याआधीच मरत होते, आणि का मरतात ते कोणालाच कळत नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये इथल्याच विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनी कारण शोधून काढलं. टायरच्या रबरात घालतात त्या ६पीपीडी नावाच्या रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन तयार होणारं विष. २००४ च्या कुठल्याही अटीत ते नव्हतं, असणं शक्यच नव्हतं. म्हणून वाजवी खात्री एकदा देऊन संपत नाही, मोजत राहावं लागतं. मोजण्याची अटच नसेल तर नवं विष कळणार तरी कसं?

आणि आपण

मुंबईत मिठी नदी विमानतळाच्या धावपट्टीखालून वाहते, त्या परिसरात तिला काटकोनात वळवलेलं आहे. २००५ च्या पुराला एकच कारण नव्हतं. भरती होती, अतिक्रमणं होती, गाळ होता, आणि पाऊस तर होताच. पण नदीचा गळा कुठे कुठे आवळला गेलाय याची नीट चौकशी माधवराव चितळे समितीने केली ती पुरानंतर. अहवाल आला २००६ मध्ये.

नवी मुंबईच्या विमानतळाच्या वेळी निदान प्रश्न आधी विचारले गेले. २०१० च्या पर्यावरण मंजुरीत उलवे नदी वळवण्याचा मुद्दा होता, खारफुटीचा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या विमानतळाचं उद्घाटन झालं. उलव्याचं वळवलेलं पाणी मोठ्या पावसात कसं वागतं, खाडीत काय जातं, हे मोजून लोकांसमोर ठेवत राहणं, हे काम आता आहे. आणि त्यासाठी राष्ट्रीय हरित लवादासारखी जागा आपल्याकडेही आहे.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "म्हणजे आधी विचारायचं असतं. आम्हाला कोणी विचारलंच नाही बघ." मग तिने विषय बदलला, कुर्ल्यात पाऊस सुरू झाला होता आणि तिला गच्चीवरचे कपडे काढायचे होते.