एकच गिअर, चाळीस तारा

#धागा

'सिंगलस्पीड' हा शब्द आज महागड्या डोंगरी सायकलींच्या जाहिरातीत भेटतो. लोहाऱ्याकडच्या रस्त्यांवरची काळी, दांडीब्रेकची सायकल मात्र मुळातच एका गिअरची. म्हणून तिला वेगळे नाव पडले नाही.

डोंगरी सायकलीचा इतिहास बहुधा कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीपासून सांगतात. तिथे १९७६ साली 'रिपॅक' शर्यत सुरू झाली. जाड टायरच्या जुन्या सायकली उतारावरून सोडत; मागच्या हबमधला ब्रेक तापून ग्रीस जळे, ते पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच हे नाव.

आपल्या सायकलीचा साचा ब्रिटिश रोडस्टरचा. मुंबईत वरळीला १९३९ मध्ये हिंद सायकल्स निघाली, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानात हीरो. साचा फारसा बदलला नाही.

कारण तिच्या सुट्या भागांत आहे. ब्रेकला वायर नाही, पोलादी दांड्या. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०; पोते मागे असते ना! क्रँक कॉटर पिनेने बसवलेला. पिन झिजते, क्रँक वाचतो. हातोडीने जुनी काढावी, नवी ठोकावी. टिकाऊपणा म्हणजे न मोडणे नव्हे, गावातच दुरुस्त होणे, असे माझे मत.

दोषही होतेच. ओल्या रिमवर ब्रेक घसरे. काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये बसला, की सायकलच माणसाच्या खांद्यावर स्वार होई.

घरी अशी सायकल असेल, तर मागच्या चाकाच्या तारा मोजून कळवा.