दुष्काळासाठी घेतलेला कर

करांविषयीच्या चर्चेत दर, सवलती आणि चुकवेगिरी यांवर भर असतो. करदात्याचा प्रश्न त्याहून साधा असतो : आपला पैसा जातो कुठे? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर न मिळाल्यास काय होते, हे सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणातून दिसते.

1876-78 च्या भीषण दुष्काळात मद्रास, मुंबई, म्हैसूर व हैदराबाद या भागांत लक्षावधी माणसे दगावली. अशा संकटासाठी आधीच तरतूद असावी म्हणून लॉर्ड लिटन यांच्या सरकारने वर्षाला दीड कोटी रुपये राखून ठेवण्याचे ठरवले. त्यासाठी 1878 मध्ये व्यापारी व कारागीर यांच्यावर परवाना कर बसवण्यात आला. काही प्रांतांत जमिनीवर उपकर आला. हा पैसा केवळ दुष्काळासाठीच वापरला जाईल, असे आश्वासन देण्यात आले.

पगारदार अधिकारी सुटले आणि लहान दुकानदार सापडला, ही तक्रार रास्तच होती. एप्रिल 1878 मध्ये सुरतेत दंगलही झाली. तरीही कराचा हेतू वाईट आहे, असे म्हणणे अवघड होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले. तिजोरीवर ताण येताच दुष्काळाची तरतूद स्थगित झाली. वसुली मात्र थांबली नाही. स्वतंत्र निधी नसल्यामुळे सारा पैसा सर्वसाधारण तिजोरीतच जात होता. सरकारच्या लेखी ही हिशेबाची बाब होती, लोकांच्या लेखी वचनभंग. पुढे तरतूद पूर्ववत झाली, तरी दुष्काळनिधीचा विषय काँग्रेसच्या व्यासपीठावर अनेक वर्षे निघत राहिला.

स्वतंत्र भारतात 2004 मध्ये 2 टक्के शिक्षण उपकर आला, तेव्हा प्राथमिक शिक्षणासाठी वेगळा कोष लवकरच स्थापन झाला. 2007 मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी 1 टक्का उपकर लागला. त्याच्या कोषाला मंजुरी मिळाली ती ऑगस्ट 2017 मध्ये. महालेखापरीक्षकांनी यावर आक्षेप नोंदवला होता. मधल्या काळात शिक्षणावर खर्च झाला नाही, असे कोणी म्हणणार नाही. परंतु उपकराचा रुपया नेमका कुठे गेला, हे नागरिकाला दाखवता आले नाही.

आपण प्रशासनातील माणसे वसुलीचे उद्दिष्ट जितक्या काटेकोरपणे पाहतो, तितक्याच काटेकोरपणे दिलेल्या शब्दाचा हिशेब ठेवला पाहिजे. पुढचा कर मागताना लोकांना मागचा आठवत असतो.