जेवणाचे बिल मित्रांत कसे वाटावे

मित्रांनी हॉटेलात एकत्र जेवायचे ठरवले की तिथे एकाच वेळी दोन व्यवहार होतात. पहिला हॉटेलमालकाशी. त्याला छापील दर आहेत, पावती आहे, करांचे नियम आहेत. दुसरा मित्रांचा आपसातला, म्हणजे कोणी किती द्यायचे हा. त्याला लिखित नियम नाही आणि रूढीही गावागणिक, पिढीगणिक बदलते. मैत्रीत कडवटपणा साठतो तो मात्र या दुसऱ्या व्यवहारातून. बडीशेपेच्या वाटीखाली ठेवलेले बिल टेबलावर आले की एकजण घाईने पाकीट काढतो, दुसरा त्याचा हात धरतो, तिसरा मोबाइलमध्ये डोके घालतो. यामागे काही तर्क लावता येतो का आणि त्यातून आचाराचे नियम काढता येतात का, ते पाहू.

माझे प्रतिपादन असे आहे. वाटणीची कोणतीही पद्धत मुळातच न्याय्य किंवा अन्याय्य नसते. जेवण कसे मागवले, माणसे किती होती आणि पद्धत कोणी व केव्हा ठरवली, या तीन गोष्टींवर तिची योग्यता ठरते. यातली तिसरी गोष्ट सर्वांत निर्णायक आहे आणि तिच्याकडेच आपले सर्वांत कमी लक्ष जाते.

आपल्याकडे मुख्यतः चार पद्धती दिसतात. काँट्री, म्हणजे एकूण बिलाला डोक्यांनी भागायचे. टीटीएमएम, म्हणजे ज्याने जे खाल्ले त्याचे पैसे त्याने द्यायचे. पाळी, म्हणजे आज मी, पुढच्या वेळी तू. आणि पार्टी, म्हणजे वाढदिवस, पहिला पगार, परीक्षेतले यश असे निमित्त ज्याचे, त्याने सगळ्यांचे द्यायचे. बाकीचे प्रकार या चारांच्या मिश्रणातून होतात. वडीलकीच्या नात्याने एकानेच नेहमी देण्याची रीत नात्यागोत्यात शोभते. समवयस्क मित्रांत ती आणली तर एकजण कायमचा यजमान आणि बाकीचे कायमचे पाहुणे होतात, म्हणून ती इथे विचारात घेतलेली नाही.

पातेले एक की ताटे वेगळी

कोल्हापूरकडे रस्सा मंडळे असतात. मित्र मिळून मटण, मसाला, तांदूळ आणतात, एखाद्याच्या शेतावर चूल मांडून स्वतः रांधतात आणि झालेला खर्च माणशी वाटून घेतात. तिथे कोणी किती वाट्या रस्सा प्याला याचा हिशेब होत नाही, व्हायचे कारणही नाही. खर्च रांधण्याआधीच सगळ्यांच्या संमतीने झालेला असतो. एखाद्याने चार फोडी जास्त खाल्ल्या तरी बिल एका रुपयाने वाढत नाही. थोडक्यात, कोणा एकट्याच्या हातात सर्वांचा खर्च वाढवण्याची सोय नसते. हुरडा पार्टीचेही असेच. अनलिमिटेड थाळीत तर दरच माणशी असतो, त्यामुळे काँट्री आणि टीटीएमएम यांचे उत्तर एकच येते.

दुसऱ्या टोकाला मिसळ किंवा डोसा आहे. प्रत्येकाची प्लेट वेगळी, पसंती वेगळी, किंमतही वेगळी. इथे डोक्याप्रमाणे भागाकार करायला काही आधारच उरत नाही.

हॉटेलातले बहुतेक जेवण या दोन टोकांच्या मध्ये असते. दाल तडका, एक-दोन भाज्या आणि रोट्या टेबलाच्या मध्यावर. आणि कोणाची स्वतंत्र बिर्याणी, कोणाचे सुरमई फ्राय, कोणाचा चतुर्थीचा उपवास म्हणून नुसते लिंबू सरबत. म्हणून पहिला नियम असा निघतो: मधल्या भांड्यातले डोक्याप्रमाणे वाटावे, स्वतंत्र मागवलेले ज्याचे त्याने द्यावे. त्याला एक मर्यादा हवी. रोट्या मोजू नयेत, पापडाची वाटणी करू नये. काटेकोरपणालाही किंमत असते आणि वीस-तीस रुपयांच्या फरकासाठी ती मोजणे परवडत नाही. टेबलावरच्या सर्वांत तंग खिशाला जो फरक जाणवेल तोच हिशेबात धरावा.

हा नियम का हवा, ते आकड्यांत पाहू. सहा जण काँट्रीने जेवत आहेत. एकाने ४८० रुपयांचे पापलेट मागवले, तर त्याच्या वाट्याला त्यातले ८० रुपये येतात आणि ४०० रुपये इतर पाच जणांवर पडतात. पापलेट ८० रुपयांना मिळत असेल तर कोण नको म्हणेल? पण याच विचाराने सहाही जणांनी ते मागवले तर प्रत्येकाला ४८० रुपये द्यावे लागतात. एकट्याने ते इतके पैसे मोजून कदाचित कोणीच घेतले नसते. यात कोणी लबाड असावाच लागत नाही. भागाकाराची पद्धतच माणसाला तिकडे ढकलते.

उरी गनीझी, एर्नान हारुवी आणि हदास याफे या अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमधल्या एका रेस्तराँमध्ये हे प्रत्यक्ष तपासले. त्यांचा निबंध २००४ साली ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. सहा-सहा जणांचे गट जेवायला बसवले होते. ज्याचे त्याने द्यायचे होते तिथे माणशी सुमारे ३७ शेकेलचे जेवण मागवले गेले. बिल समान वाटायचे ठरले तिथे सुमारे ५१ आणि सगळे फुकट होते तिथे सुमारे ८२. कोणती पद्धत आवडेल असे विचारल्यावर बहुसंख्यांनी ज्याचे त्याने द्यावे असेच सांगितले. म्हणजे समान वाटणीत माणसे जास्त मागवतात आणि तरीही ती वाटणी त्यांना नको असते.

यावरून टीटीएमएम हीच एकमेव योग्य पद्धत ठरते का? मला तसे वाटत नाही. त्या प्रयोगातली माणसे एकमेकांना अनोळखी होती. मित्रांना मागच्या वेळची आठवण असते आणि पुढच्या वेळची अपेक्षा असते, त्यामुळे मागवण्यावर आपोआप लगाम बसतो. पण हीच मैत्री दुसरेही एक काम करते: ज्याला वाटणी जड जाते त्याचे तोंड ती बंद करते. अनोळखी माणसापुढे ‘मी फक्त सरबत घेतले होते’ असे म्हणता येते. वीस वर्षांच्या मित्रापुढे ते म्हणताना जीभ अडखळते.

पेये आणि कर

मद्याच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो, कारण तिथे रकमा मोठ्या असतात आणि न पिणाऱ्याचा त्यात काहीच वाटा नसतो. करही वेगळे असतात. साध्या रेस्तराँमधल्या जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. महाराष्ट्रातल्या परमिट रूममध्ये त्यावर नोव्हेंबर २०२३ पासून १० टक्के व्हॅट आहे. म्हणून बिलाचे दोन भाग करून प्रत्येक भागाचा कर त्या-त्या भागावरच टाकला पाहिजे.

उदाहरण घेऊ. चार मित्र, त्यांतले दोघे पिणारे. जेवण २,००० रुपयांचे, पेये २,४०० रुपयांची. करासह जेवण २,१०० आणि पेये २,६४०, एकूण ४,७४०. सरसकट काँट्री केली तर प्रत्येकी १,१८५. दोन भाग केले तर न पिणाऱ्याचे ५२५ आणि पिणाऱ्याचे १,८४५. म्हणजे सरसकट वाटणीत न पिणाऱ्या प्रत्येकाने ६६० रुपये दुसऱ्याच्या ग्लासासाठी दिले. स्वतःच्या जेवणापेक्षाही ही रक्कम जास्त आहे. त्यावर ‘पण चखणा तर तूच संपवलास’ असे उत्तर हमखास येते. चखणा जेवणाच्या भागात धरावा, म्हणजे त्या तक्रारीचेही निवारण होते. पेयांचे बिल सुरुवातीलाच वेगळे मागणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

सेवा शुल्काबद्दल एवढेच सांगतो. ते बिलात आपोआप लावता येणार नाही, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. ते काढून घ्यायला एखादा मित्र सांगत असेल तर इतरांनी संकोचून त्याला गप्प करू नये. वेटरची टीप मात्र प्रत्येकाने आपल्या हाताने द्यावी. मोबाइलवरून बिल भरताना तीच नेमकी विसरली जाते.

पाळी आणि पार्टी

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या देणगीविषयीच्या निबंधात तीन बंधने सांगितली: देणे, घेणे आणि परतफेड करणे. देणे आणि परतफेड यांच्या मधल्या काळात जे ऋण राहते, तेच माणसांना एकमेकांशी बांधून ठेवते. पाळीच्या पद्धतीचे बळ यातच आहे. ‘पुढच्या वेळी माझ्याकडून’ या वाक्यात पुढची भेट आधीच ठरलेली असते. पैशापैशाचा हिशेब जागच्या जागी मिटवला तर ती गाठ सुटते. म्हणून दोघा-तिघांच्या जुन्या मैत्रीत पाळीइतकी चांगली दुसरी पद्धत नाही.

माणसे वाढली की ती कोसळते. भिशी वर्षानुवर्षे चालते, कारण तिचे सभासद ठरलेले, रक्कम ठरलेली आणि प्रत्येकाची उचल एकदाच. आठ मित्रांच्या पाळीत यातले काहीच ठरलेले नसते. एकाच्या पाळीला अमृततुल्यचा चहा होतो, दुसऱ्याच्या पाळीला तंदुरी जेवण. तिसऱ्याची पाळी येते तेव्हा तो बंगळूरुला बदलून गेलेला असतो. चारपेक्षा जास्त माणसे असतील तर पाळी टाळावी, असे माझे मत आहे.

पार्टीचा नियम त्याहून कडक असावा. पार्टी ज्याने स्वतः होऊन जाहीर केली त्याचीच. मागून मिळालेली पार्टी ही वसुली असते. नोकरी लागली म्हणून ‘पार्टी दे’ असा आठवडाभर तगादा लावताना त्याच्या पहिल्या पगारावर घरचे कोणते कर्ज उभे आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. यजमानाने जागा ठरवावी आणि पाहुण्यांनी त्याने मागवलेल्यापेक्षा महाग काही मागवू नये.

बोलायचे कोणी

पुण्यात बऱ्याच मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करायला गावाकडून आलेली मुले त्या रात्री टोळक्याने बाहेर जेवायला निघतात. टोळक्यातल्या एकाचे वडील नोकरदार असतात, दुसऱ्याच्या घरी सोयाबीनचे पैसे आल्याशिवाय खोलीचे भाडे जात नाही. तो सहसा म्हणतो, ‘मला फार भूक नाही.’ मग एक प्लेट पोह्यांचे पैसे मनात धरून आलेला हा मुलगा शेवटी पनीर आणि कोल्ड ड्रिंकच्या काँट्रीत सापडतो. दोन-तीनदा असे झाले की तो खोलीवरच बिस्किटे खाऊन राहतो आणि अभ्यास असल्याचे कारण सांगतो. टोळक्याला वाटते, हा माणूसघाणा आहे.

त्याने स्पष्ट बोलायला हवे होते, असे म्हणणे सोपे आहे. पण परवडत नाही हे सांगण्याची लाज नेमकी ज्याला परवडत नाही त्याच्याच वाट्याला येते. ज्याला परवडते त्याला ‘वाटणी कशी करायची?’ हे विचारणे मुळीच जड जात नाही. म्हणून वाटणीची पद्धत विचारण्याची जबाबदारी गटातल्या सर्वांत सुस्थितीतल्या माणसाची आहे आणि ती ऑर्डर देण्याआधी पार पाडायची आहे. बिल आल्यानंतर ठरवलेल्या पद्धतीला संमती म्हणता येत नाही, कारण तेव्हा सगळे खाऊन झालेले असते. जागा निवडण्यालाही हेच लागू आहे. दोन पर्याय सुचवताना त्यांतला एक गटातल्या सर्वांत तंग खिशाला परवडणारा असावा.

मैत्रिणी बरोबर असतील तर त्यांचे पैसे पुरुषांनी परस्पर देऊन टाकण्याची जुनी सवयही सोडायला हवी. जिचे पैसे घेतले जात नाहीत तिला जागा आणि पदार्थ निवडतानाही कोणी विचारत नाही. कमावत्या मैत्रिणीला वाट्यातून वगळणे म्हणजे तिला निर्णयातूनही वगळणे.

पूर्वी सरसकट काँट्रीला एक व्यावहारिक कारण होते. सुट्ट्या पैशांची अडचण असायची, नोटा गोळा करून गोल रकमेने भागणे सोयीचे पडायचे. २०१६ साली यूपीआय आले आणि हे कारण संपले. १८७ रुपयेही आता जागेवर देता येतात. पण त्यातून एक नवी अडचण निघाली: एकजण पूर्ण बिल भरतो आणि बाकीचे ‘नंतर पाठवतो’ म्हणतात. ग्रुपवर दोनदा आठवण करणारा चिकट ठरतो आणि न पाठवणारा मात्र नुसता विसराळू. हा उलटा न्याय आहे. ज्याने सर्वांसाठी पैसे गुंतवले त्याच्यावर मागण्याची वेळ येऊ देणे हाच शिष्टाचाराचा भंग आहे. आपला वाटा हॉटेलच्या दारातून बाहेर पडण्याआधी पाठवावा. लवकर निघणाऱ्याने अंदाजाने रक्कम देऊनच उठावे.

तेव्हा पुढच्या वेळी मेन्यूकार्ड हातात आले की विचारा, ‘आज काँट्री, की ज्याचे त्याने?’ आणि टेबलावर तुमचा पगार सर्वांत जास्त असेल, तर दुसऱ्या कोणी विचारायची वाट पाहू नका.